कागद खंय आसा, ता आधी सांगा

चतुर्थीला चाकरमानी गावी आले, की आरती-प्रसाद आटोपल्यावर आमच्या पडवीत हमखास कोणीतरी प्लॅस्टिकच्या पिशवीतून जुना सातबारा काढतं. मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक. "अण्णांनू, आजयाच्या नावचो फेरफार खंय गावतलो?" प्रश्न दरवर्षी तोच, माणूस तेवढा वेगळा. बहुतेकांनी माहिती अधिकाराचा अर्ज आधीच टाकलेला असतो आणि त्याचं एका ओळीचं उत्तरही पिशवीत असतं: मागणी केलेला अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही.

हे उत्तर देणारा कारकून दर वेळी थापा मारतो, असं मी म्हणणार नाही. पुष्कळदा कागद खरोखरच तिथे नसतो. आपला सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला 1 मे 1981 रोजी. त्याआधीचा जिल्हा पातळीवरचा कारभार सगळा रत्नागिरीचा. त्याच्याही मागे गेलात तर मालवण 1812 पासून इंग्रजांकडे, आणि कुडाळ-सावंतवाडीकडची गावं 1948 पर्यंत सावंतवाडी संस्थानात. दोडामार्ग तालुका तर 1999 चा. तेव्हा आजोबांचं गाव कोणत्या साली कोणाच्या अमलाखाली होतं, हे ठरल्याशिवाय दप्तर शोधायला कुठे जायचं तेच ठरत नाही. कोणत्या गावाचे कोणत्या सालापर्यंतचे रुमाल रत्नागिरीत राहिले, कोणते ओरोसला आले, कोणते तहसीलच्या माळ्यावर आहेत, हे बाहेरच्या माणसाने कुठे वाचायचं?

माझं म्हणणं एवढंच आहे, की ही यादी लोकांपुढे ठेवा. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात कलम 4 ची अगदी पहिली अट हीच आहे. प्रत्येक कार्यालयाने आपले अभिलेख सूची करून, निर्देशांक लावून ठेवावेत. अर्ज करण्याचा हक्क त्यानंतर दोन कलमांनी येतो. आपल्याकडे अर्जांचा पाऊस पडतो आणि सूचीचं नाव कोणी काढत नाही. अर्ज करणारेही नाहीत, हे विशेष.

अर्जदारांचेही कान उपटायला हवेत. "आमची जमीन दुसऱ्याच्या नावे का झाली याचा खुलासा व्हावा" असं लिहून अर्ज देतात. कायद्याने मिळते ती दप्तरी असलेली माहिती, खुलासा नव्हे. शिवाय महाराष्ट्रात 2012 पासून एका अर्जात एकच विषय आणि मर्यादा दीडशे शब्दांची. त्यातले शंभर भाऊबंदकीच्या रडगाण्यात जातात. हस्तलिखित सातबारा नीट बघा. आजोबांच्या नावाला कंस पडलेला असतो आणि जवळच एक आकडा वर्तुळात असतो. तोच फेरफार क्रमांक. तो, गावाचं नाव आणि सर्व्हे-हिस्सा नंबर घालून साक्षांकित नक्कल मागा. त्यासाठी माहिती अधिकारही लागत नाही, साधा नकलेचा अर्ज पुरतो. नोंद 1957 च्या आसपासची असेल तर बहुधा कूळकायद्याचं प्रकरण निघतं. त्या वर्षीच्या 1 एप्रिलला, कृषक दिनी, कसणारी कुळं कायद्याने मालक झाली. मग फेरफारावर न थांबता 32-ग खालच्या चौकशीची फाइल मागायची. खरेदीखताचा संशय असेल तर दुय्यम निबंधकांकडे सूची क्रमांक दोनचा शोध घ्या; फी भरून कोणीही घेऊ शकतो.

साधा मार्ग आधी धरा, असं सांगायला आता आणखी एक कारण आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातला वैयक्तिक माहितीचा अपवाद रुंद करून ठेवलाय. नकार द्यायचाच असेल त्याला ही आयती ढाल आहे.

आणि सोमवार विसरू नका. राज्य सरकारच्या नोव्हेंबर 2018 च्या परिपत्रकाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहायला खुले असतात. मी एका कार्यालयात (नाव कशाला घ्या) हे परिपत्रक दाखवलं, तर तिथल्या तरुण साहेबांनी ते पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं दोन्ही बाजूंनी पाहिलं. पण बसायला खुर्ची दिली आणि रुमाल सोडला. गाठ सुटताच कसर लागलेल्या कागदाची भुकटी टेबलावर. आमच्या पावसात कपाट भिंतीला चिकटून ठेवलं की ओल आतपर्यंत जाते, हे तिथे कोणाला सांगावं लागत नाही. हलवायला माणूस मात्र नसतो. अभिलेख कक्षाला एकच कारकून, त्यालाही निवडणुकीची ड्युटी.

"आढळून येत नाही" हे उत्तर तरीही मान्य करू नका. फेरफार नोंदवही हा कायम जतन करायचा, म्हणजे अ वर्गाचा अभिलेख आहे. ब वर्ग तीस वर्षांचा, क दहा, आणि ड वर्गाचं आयुष्य वर्षभराचं. म्हणून पुढचा अर्ज असा करा: अमुक प्रकरण कोणत्या वर्गात होतं, अभिलेख कक्षात कधी जमा झालं, नष्ट केलं असेल तर त्या आदेशाची प्रत द्या. कागद सापडत नाही आणि नष्टही केला नाही, असं लिहून द्यायची वेळ आली की शोध जरा मन लावून होतो, हा खुर्चीच्या त्या बाजूचा अनुभव सांगतोय. तरीही दाद लागली नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील. दुसरं थेट बेलापूरला, राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, आणि तिथे तारखेची वाट बघत बसणं आलं.

मनुष्यबळ नाही, ही सबब मला पूर्ण पटत नाही. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायच्या होत्या, तेव्हा राज्यभर रुमाल सुटले, मोडी वाचणारे शोधून आणले, आणि सापडलेल्या नोंदी अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. सरकारला हवं होतं, म्हणून काही महिन्यांत झालं.

मी प्रत्येक पानाचं स्कॅनिंग मागत नाही. तालुकावार एक तक्ता पुरे: गाव, कागदाचा प्रकार, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, सध्या कोणत्या कार्यालयात, कोणत्या कपाटात. तहसीलच्या व्हरांड्यात लावा, ग्रामपंचायतीला एक प्रत द्या. रत्नागिरीत काय आहे ते दोन जिल्हाधिकाऱ्यांनी एकदा पत्र पाठवून मिळवावं. त्यासाठी देवबागच्या माणसाने एसटी बदलत तिकडे का जावं? आणि माणसं कमी पडत असतील तर आम्ही निवृत्त कारकून आहोतच. रुमाल बांधायची जुनी सवय हातात आहे अजून. चहा मात्र कार्यालयाने पाजायचा.