संगणकानेच काढलंय हो!

परवा आमच्या सोसायटीत पार्किंगची सोडत झाली. घरं ४०, छपराखालच्या जागा १०. मागच्या खेपेला चिठ्ठ्यांवरून बरीच वादावादी झाली होती, म्हणून यंदा सेक्रेटरी काका लॅपटॉप घेऊनच आले. एक्सेल उघडलं, १ ते ४० मधला कुठलाही आकडा देणारं 'रँडबिटवीन' दहा ओळींत टाकलं आणि आकडे आले. त्यात १७ दोनदा!

एका घराला दोन जागा कशा देणार? जरा कुजबुज झाली. मग काका म्हणाले, "मग १८ला देऊन टाकू, शेजारीच आहेत." सगळ्यांना घरी जायची घाई, कोणी हरकत घेतली नाही.

१८ म्हणजे आम्ही.

तर मंडळी, जागा मला मिळाली आहे आणि तरीही भांडतोय मीच. घरच्यांचं मत एकच: दैव देतं नि कर्म नेतं, ते हे असं. मामाचा तर फोनही येऊन गेला. त्याला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

मुळात १७ दोनदा आला यात नवल काहीच नाही. रँडबिटवीनची प्रत्येक ओळ स्वतंत्र. वरच्या ओळीत काय आलंय, हे खालच्या ओळीला ठाऊक नसतं. चिठ्ठी काढून परत डब्यात टाकावी, तसं हे. ४० मधून असे दहा आकडे काढले, तर दहाही वेगळे येण्याची शक्यता जेमतेम २९ टक्के. म्हणजे दहातल्या सात वेळा घोळ ठरलेला. आणि घोळ झाला की काय करायचं, ते माणूस ठरवतो. संगणकाचं काम तिथेच संपलं.

१८च का? १६ही शेजारीच आहेत की! हा नियम आकडे बघण्याआधी सांगितला असता तर एकवेळ चाललं असतं. (तरीही शेजारशेजारची घरं जोडीने लागण्याची शक्यता वाढतेच.) पण आकडे बघून केलेल्या नियमाला नियम म्हणत नाहीत, निवड म्हणतात. मला जागा नशिबाने दिलेली नाही, काकांनी दिली आहे. काका भले माणूस आहेत, त्यांच्या मनात काही नव्हतं याची मला खात्री आहे. पण उद्या सेक्रेटरी दुसरे येतील.

दुसरी गोष्ट याहून वाईट. हे आकडे स्थिर नसतात. एफ-नाइन दाबा, कुठल्याही चौकटीत काही टाइप करा, दहाच्या दहा बदलतात. म्हणजे 'आकडा परत आला' ही सबब मिळाली की मनासारखी यादी येईस्तोवर बटण दाबत बसता येतं. वर म्हणायचं, "संगणकानेच काढलंय हो!" हे वाक्य मला आताशा "वरून ऑर्डर आहे" सारखं वाटायला लागलंय.

"त्यापेक्षा चिठ्ठ्याच बऱ्या" असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १ डिसेंबर १९६९ला अमेरिकेत सैन्यभरतीची सोडत झाली. वर्षाच्या ३६६ तारखा ३६६ डब्यांत. ज्याची जन्मतारीख आधी निघेल, त्याला व्हिएतनाम युद्धाच्या काळात आधी बोलावणं. डब्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि नीट ढवळल्या गेल्या नाहीत. जानेवारीतल्या तारखांचा सरासरी क्रमांक २०१च्या आसपास, डिसेंबरचा १२१च्या. सगळं टीव्हीवर, सर्वांदेखत! डोळ्यांसमोर काढलं म्हणून ते निष्पक्ष होत नाही. पुढच्या वर्षी त्यांना पद्धत सुधारावी लागली.

बरं, योग्य रीत काही अवघड नाही. ४० घरांची यादी एका रकान्यात लिहा, प्रत्येक घर एकदाच. शेजारच्या रकान्यात 'रँड' टाका. ते ० ते १ मधला लांबलचक दशांश आकडा देतं, दोन सारखे येणं जवळपास अशक्य. आता ते आकडे कॉपी करून 'पेस्ट स्पेशल'मधून फक्त किमती म्हणून तिथेच चिकटवा, म्हणजे ते गोठतील. मग दोन्ही रकाने एकत्र निवडून आकड्यांप्रमाणे क्रम लावा. पहिली दहा घरं जिंकली. एकही घर दोनदा येऊच शकत नाही, कारण यादीत ते एकदाच आहे. पत्त्यांची गड्डी पिसून वरची दहा पानं घेतो, तेच हे. आणि हे सगळं एकदाच, सर्वांसमोर, 'एकदाच करणार' असं आधी जाहीर करून.

फेरसोडतीचा अर्ज मी काल दिला. नव्या सोडतीत माझी शक्यता चारात एक. म्हणजे बहुधा आमची गाडी उन्हातच तापणार आणि घरात मला ऐकून घ्यावं लागणार.

चालेल. उद्या २३ नंबरवाले जिन्यात भेटले, तर त्यांच्या नजरेला नजर देता यायला हवी.

असो. मामा, आता तरी पटलं का?