एक तबकडी, हजार कान



मुंबई-पुण्याच्या काही दुकानांत पुन्हा तबकड्या विकायला लागल्यात. काळ्या, लाल, काचेसारख्या पारदर्शक. एकीला दोन-अडीच हजार, कधी दुप्पट. पाकिटावर छापलेलं असतं : मर्यादित आवृत्ती, फक्त पाचशे प्रती, तुमच्या प्रतीचा क्रमांक अमुक. अमेरिकेत 2022 साली सीडीपेक्षा तबकड्या जास्त खपल्या, 1987 नंतर पहिल्यांदाच. आपल्याकडे नव्वदच्या दशकात मेलेला हा धंदा 2024 मध्ये मुंबईकडे पुन्हा जिवंत झाला. रेकॉर्ड दाबायचं यंत्र परत धडधडायला लागलं.

कुणी म्हणेल, भूमच्या पोराला याचं काय? दुष्काळी तालुका, हाताला काम नाही, निम्मा गाव ऊसतोडीला नाहीतर मुंबईला. त्यात अडीच हजाराची तबकडी म्हणजे श्रीमंतांचे चोचले. तसं बघितलं तर चोचलेच आहेत. पण त्या तबकडीच्या खाचेत आवाज कुणाचा, शब्द कुणाचे आणि पैसा कुणाच्या खिशात, हा प्रश्न आपला आहे. आपल्या माणसांनी या देशाला गळा दिला. त्या गळ्याचा हिशेब मागायची वेळ आलीय.

आधी त्या वस्तूची जात बघू. 1902 साली फ्रेड गायसबर्ग नावाचा गोरा कलकत्त्यात उतरला आणि गौहरजानचा आवाज त्याने मेणात कोरून नेला. तेव्हाची 78 फेऱ्यांची तबकडी लाखेची असायची. लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी कालवून ती दाबायची. ही लाख कुठली? छोटा नागपूरच्या जंगलातली. पळसाच्या, कुसुमाच्या, बोरीच्या झाडावरचा किडा ती करतो आणि आदिवासी ती खरवडून गोळा करतो. म्हणजे राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातलं संगीत आदिवासीच्या घामावर फिरत होतं. त्याचं नाव कुठल्याच तबकडीवर छापलं नाही.

त्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. आपला पोवाडा तासभर चालणारा, जलसा रात्रभर चालणारा. भीमराव कर्डकांनी तीसच्या दशकात आंबेडकरी जलसा उभा केला. तो माणसांसमोर, माणसांच्या हुंकारावर वाढायचा. त्याला तीन मिनिटांच्या खुराड्यात कोंबणार कसं? जे मावलं ते राहिलं, जे मावलं नाही ते म्हाताऱ्यांच्या बरोबर मसणात गेलं. 1948 साली अमेरिकेत प्लास्टिकची, 33⅓ फेऱ्यांची तबकडी आली आणि एका बाजूला वीस मिनिटांच्या वर जागा झाली. पण यंत्र, कारखाना, दुकान सगळं एकाच कंपनीच्या मुठीत. कलकत्त्याजवळचा डमडमचा कारखाना एचएमव्हीचा. छोट्या कंपन्या गाणी स्वतः ध्वनिमुद्रित करायच्या आणि दाबायला त्याच दारात उभ्या राहायच्या. विहीर पाटलाची, पोहरा आपला. पाटलाच्या मनात आलं तर पाणी.

याला अपवाद मुंबईत झाला. 1935 च्या सुमाराला वडाळ्याला, म्हणजे आम्ही जिथं बोजा उचलतो त्या गोदीच्या शेजारीच, ‘यंग इंडिया’ शिक्क्याच्या तबकड्यांचा कारखाना निघाला. यंत्र स्वतःचं. मोठं नाव नसलेल्या गायकांना तिथं दार उघडं होतं. वीसेक वर्षं चालला आणि बंद पडला. छोट्याने यंत्र हातात घेतलं तर काय होतं आणि बाजार मोठ्याच्या हातात राहिला तर किती टिकतं, हे दोन्ही धडे त्या एका कारखान्यात आहेत.

आता भूमला तबकडी कशी यायची ते आठवा, नाहीतर घरातल्या म्हाताऱ्याला विचारा. लग्नाला, उरुसाला, जयंतीला लाउडस्पीकरवाला यायचा. पेटी, भोंगा, बॅटरी आणि पिशवीत तबकड्या. वस्तीत तबकडी कुणाच्याच मालकीची नव्हती. पण भोंगा लिंबाच्या झाडावर चढला की साऱ्या वस्तीच्या कानात ती वाजायची. बाई भाकरी थापता थापता ऐकायची, गडी बैलं सोडता सोडता ऐकायचा. एक तबकडी, हजार कान. आणि आजची मर्यादित आवृत्ती? कित्येक गिऱ्हाईक तिचं प्लास्टिकसुद्धा फाडत नाही. फाडलं तर भाव उतरतो म्हणे! पाचशे तबकड्या, कपाटात उभ्या, कान एकही नाही. सहा महिन्यांनी तीच तिप्पट भावाला विकायची. त्या तिपटीतला छदामही गायकाला जात नाही. माल साठवून भाव चढवायचा, हा सावकारी धंदा आपल्या आजोबांनी ज्वारीच्या बाबतीत भोगलाय. आता गाण्याच्या बाबतीत बघा.

पण सगळीच मर्यादित आवृत्ती लबाड असते असं आम्ही म्हणत नाही. इथं नीट समजून घ्या. तबकडी करायची तर आधी मूळ प्रत कोरावी लागते, तिच्यावरून धातूचा साचा काढावा लागतो, यंत्र लावावं लागतं. हा खर्च एक तबकडी काढा नाहीतर हजार काढा, तेवढाच. समजण्यापुरते आकडे धरू : साचा, कोरीवकाम आणि यंत्र लावण्याला मिळून 90 हजार, आणि पुढं प्रत्येक तबकडीला माल, पाकीट, मजुरी धरून 400. शंभर काढल्या तर एक पडते 1300 ला. तीनशे काढल्या तर 700 ला. हजार काढल्या तर 490 ला. मग हजारच का काढू नयेत? कारण उरलेल्या सातशे ठेवायच्या कुठं आणि त्यात अडकलेला पैसा आणायचा कुठून? खव्याची भट्टी लावणाऱ्याला हे गणित शिकवायला नको. चार-पाच लिटर दूध आटवून किलोभर खवा होतो. गिऱ्हाईक ठरलेलं नसेल तर जळण वाया आणि खवा आंबतो. म्हणून छोटी कंपनी आधी मागणी घेते, पैसे गोळा करते आणि तेवढ्याच प्रती काढते. हा प्रामाणिक हिशेब आहे.

लबाडी दुसऱ्या जागी आहे. ज्याच्या गोदामात पन्नास हजार प्रती काढायची ताकद आहे तो पाचशेच काढतो आणि टंचाईची बोंब मारतो, ती लबाडी. 2021 साली जगभरच्या कारखान्यांत रांगा लागल्या तेव्हा मोठ्या कंपन्यांच्या लाखांच्या मागण्या आत गेल्या आणि तीनशेवाले महिनोन्‌महिने दारात उभे राहिले. त्याआधी 2020 च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातला अपोलो कारखाना जळाला. मूळ प्रत कोरण्याची लाकरची तबकडी करणारे कारखाने जगात दोनच होते, एक जळाला, एक जपानात उरला. बाजार मुक्त आहे म्हणतात तो हा असा. नाकाबंदी एका जागी झाली की सगळ्यांत आधी छोटा मरतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. जुन्या गाण्यांत पैसा आहे हे प्रस्थापितांना कळून चुकलंय. एचएमव्हीचा सगळा साठा आज सारेगामाकडे आहे. त्यांनी 2017 मध्ये पाच हजार जुनी गाणी भरलेला डबा काढला, कारवाँ, आणि घरोघर विकला. मुंबईच्या चरणजित सिंगांनी 1982 साली यंत्रांवर राग वाजवून एक तबकडी केली होती. इथं तिला कुत्रं विचारलं नाही. 2010 मध्ये एका डच माणसाच्या छोट्या कंपनीने ती पुन्हा काढली आणि जग वेडं झालं. म्हातारपणी त्या माणसाला परदेशात बोलावणी आली. 2015 ला तो गेला. छोटी कंपनी चांगलं करू शकते ते असं. पण आपलं सोनं ओळखायला दरवेळी हॉलंडचाच माणूस यावा लागणार का?

भीमगीतांचं काय? वामनदादा कर्डकांनी गावोगाव पायपीट करून गाणी लिहिली, गायली. विठ्ठल उमप 2010 साली नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच कोसळले आणि गेले. प्रल्हाद शिंद्यांचा गळा बघा. भीमगीतंही त्यांचीच, कव्वालीही त्यांचीच, आणि विठोबाची गाणीही त्यांचीच. पंढरीच्या देवळाचं दार आपल्या माणसाला उघडायला 1947 उजाडलं आणि साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. आज पहाटे कुठल्याही गावात देवळाच्या भोंग्यावर कुणाचा आवाज असतो? शिंद्यांचा. माणूस बाहेर, आवाज गाभाऱ्यात. असा तुमचा धर्म!

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली तेव्हा एकाधिकार फुटला. कॅसेट कुणीही भरू शकत होतं. दादरच्या चैत्यभूमीवर 6 डिसेंबरला, नागपूरला दसऱ्याला, पथाऱ्यांवर भीमगीतांच्या कॅसेटींचे ढीग लागले. आपल्या बायाबापड्यांनी एक वेळ भाजी केली नाही पण कॅसेट घेतली. आवाज घरात आला. पण गायकाच्या घरात काय आलं? बहुतेकांशी व्यवहार एकरकमी. एकदा पैसे घ्या, इथं सही करा, विषय संपला. कॅसेट हजार खपो की लाख, नंतर रुपाया नाही. कित्येक पाकिटांवर कवीचं नावच नाही. बरं झालं आपल्या शाहिरांनी शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायची रीत सोडली नाही. कागदावर नाव पुसलं तरी गाणाऱ्याच्या तोंडात राहिलं. ती नाममुद्रा हाच आपला सातबारा.

आणि त्या कॅसेटी आता मरायला लागल्यात. फितीला बुरशी लागते, लेप झडतो, आवाज विरतो. पत्र्याच्या घरात, मे महिन्याच्या उन्हात ठेवलेली फीत किती दिवस टिकणार? तबकडी नीट ठेवली तर शंभर वर्षांमागचीही वाजते. म्हणून आम्ही म्हणतो, भीमगीतांच्या तबकड्या निघाल्या पाहिजेत. चैन म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. शिलालेख श्रीमंतांचेच का असावेत?

पण काढताना कायदा डोक्यात ठेवा. आम्ही मॅट्रिक, वकील नव्हे, तरी वाचून सांगतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं. 1960 साली निघालेल्या तबकडीवरचा तो हक्क 2020 अखेर संपला. पण शब्दांचा हक्क वेगळा : कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. अण्णा भाऊ 1969 ला गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवर 2029 अखेरपर्यंत. वामनदादा 2004 ला गेले, म्हणजे 2064 पर्यंत. तेव्हा कंपनीचा हक्क संपला म्हणून कवीच्या लेकराबाळांचा हक्क गिळू नका. नाहीतर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय?

1957 च्या कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. गीतकाराने सही करून दिली तरी रॉयल्टीतला त्याचा वाटा सोडून देता येत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात. हे प्रत्येक गायक-कवी पोराने पाठ करावं, कारण आज यूट्यूबचे दुकानदार चार-दोन हजार हातावर टेकवून ‘कायमचे हक्क’ लिहून घेतात. आणि कायदा कुणासाठी केला तेही बघा : जुनं गाणं नव्याने गाऊन परवान्याने काढायचं तर वर्षाला किमान 50 हजार प्रतींची रॉयल्टी भरा! तीनशे प्रती काढणाऱ्याने 50 हजारांची भरायची. एखाद्या भाषेचा, बोलीचा खप कमी असेल तर हा आकडा कमी करून मागायची सोय त्याच कलमात आहे. ती मागायला कुणी गेलंय का? गेलं पाहिजे.

1969 साल ध्यानात ठेवा. त्या एका साली अण्णा भाऊ गेले, आमच्या शेजारच्या बार्शीचा अमर शेख गेला, माथाडीचा कायदा झाला आणि गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस संस्थाही निघाली. बोजा वाहणाऱ्याने संघटना केली, नोंद मागितली, मजुरी बोर्डातून घेतली. गाणाराही बोजाच वाहतो. त्याने नोंद का मागू नये?

तर आमचं म्हणणं थोडक्यात. जयंतीच्या वर्गणीतून डीजेच्या भिंतीवर जो पैसा जातो त्यातला चौथा हिस्सा बाजूला काढा. तीनशे माणसं आधी पैसे देणार असतील तर तीनशे तबकड्या निघतात, कुणा शेठच्या पाया पडावं लागत नाही. पाकिटावर कवी, गायक, ढोलकीवाला, कोरसमधल्या बाया, सगळ्यांची नावं. खर्च वजा जाता अर्धा पैसा त्यांच्या घरी. परदेशातल्या काही छोट्या कंपन्या असा निम्मा वाटा देतात, त्यांना जमतं ते आपल्याला का जमू नये? घरच्यांची परवानगी घेऊन तेच गाणं मोबाइलवर सगळ्यांना फुकट. तबकडी तीनशेच, गाणं सगळ्यांचं. आणि एक तबकडी प्रत्येक तालुक्याच्या बुद्धविहारात, वाजवायच्या यंत्रासकट. कपाटाला कुलूप लावायचं नाही.

सुरुवात भूमपासून. घरातल्या कॅसेटी फेकू नका. कुणी गायलं, कुणी लिहिलं, कुठल्या साली, ढोलकीवर कोण होतं, म्हाताऱ्यांना विचारून वहीत लिहा. पुढच्या 14 एप्रिलच्या आत कॅसेटी आणि वही दोन्ही घेऊन या. साल आठवत नसेल तर मोकळी जागा सोडा, दुसरा कुणीतरी भरेल. नाव मात्र मोकळं सोडू नका.