भूकंपाआधीचे चित्र

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पावसपासून कोयनानगर सरळ रेषेत अवघे पाऊणशे कि.मी. आहे, येथील वडीलधारी माणसे त्या पहाटेविषयी अजून बोलतात. जमीन हादरली हे सर्वांनाच कळले. पण हादरून झाल्यावर ती कोठे किती सरकून राहिली, हे पाहण्यासाठी तेव्हा भेगा शोधत डोंगर तुडवणे आणि मोजणी करणे याखेरीज फारसा उपाय नव्हता.

आता हे काम उपग्रहावरील रडार करते. रडार सूक्ष्मतरंग सोडते व जमिनीवरून परतणाऱ्या तरंगाची कला नोंदवते. काही दिवसांनी त्याच कक्षेतून पुन्हा नोंद घेतात. दरम्यान जमीन उपग्रहापासून अर्ध्या तरंगलांबीइतकी दूर गेली असेल, तर जाण्यायेण्याचा मार्ग एका पूर्ण तरंगलांबीने वाढतो आणि नकाशावर एक रंगीत पट्टा उमटतो. न्यूटनची वलये प्रयोगशाळेत पाहिलेल्यांना यात नवल वाटू नये. तत्त्व व्यतिकरणाचेच आहे. १९९२ साली कॅलिफोर्नियातील लँडर्स येथे भूकंप झाला, तेव्हा युरोपच्या उपग्रहाने ५.६ से.मी. तरंगलांबी वापरली होती. म्हणजे एक पट्टा २.८ से.मी. सरकण्याचा.

पण लँडर्सला वाळवंट आहे. आपल्याकडे सह्याद्रीचे रान आहे. आखूड तरंग पानांवरूनच परततात, आणि पाने दोन फेऱ्यांत जागची राहत नाहीत. उघड्या कातळाचा सडा चांगला, आंब्याची बाग वाईट! ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या 'निसार' या भारत-अमेरिकेच्या उपग्रहाचे महत्त्व मला येथे वाटते. त्याच्या दोन रडारांपैकी एकाची तरंगलांबी २४ से.मी. आहे. त्याचे तरंग पानांतून बरेच खाली उतरतात. एखादा चौकस विद्यार्थी विचारील, मग पट्टा १२ से.मी.चा, म्हणजे मोजमाप ढोबळ झाले ना? झाले. परंतु न वाचता येणाऱ्या बारीक पट्ट्यापेक्षा वाचता येणारा ढोबळ पट्टा केव्हाही बरा. शिवाय पट्ट्याचा अंशही मोजता येतो.

या पद्धतीची खरी अट वेगळीच आहे. तुलनेसाठी भूकंपाआधीचे चित्र हवे, आणि ते भूकंपानंतर काढता येत नाही. संकटानंतर पैसा उभा राहतो. काहीच घडत नसताना वर्षानुवर्षे नोंदी घेण्यासाठी तो सहज मिळत नाही. माझ्या मते खर्च करावा तो अशा निवांत काळातच. आणि या उपग्रहाकडून भाकिताची अपेक्षा शिक्षकांनी तरी मुलांच्या मनात रुजवू नये. कोयना परिसरात होणाऱ्या बारीकसारीक धक्क्यांनी जमिनीचा पृष्ठभाग एवढा हलतच नाही की तो वरून दिसावा.

शिवाय 'निसार' दर १२ दिवसांनी त्याच कक्षेत येतो. मधल्या काळात भूकंप झाला, तर मुख्य धक्क्याची हालचाल व नंतरची सावकाश घसरण एकाच चित्रात मिसळतात. ती वेगळी काढण्यास जमिनीवर कायम बसवलेली जीपीएस केंद्रे लागतात, आणि अशा केंद्रासाठी आमच्या जांभ्याच्या सड्यावर जागेची मुळीच वाण नाही.