लहर, प्रतिभा आणि रोग

‘खरा कलावंत लहरी असावयाचाच,’ हें वाक्य आमच्या साहित्यिक मेळाव्यांत इतक्या वेळां उच्चारलें जातें कीं, त्याची शहानिशा करण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. एखादा कवि आठ-आठ रात्री न झोंपतां लिहीत सुटला, उसनवारी करून पैसा उधळूं लागला आणि पुढें दोन महिने अंथरुणास खिळून राहिला, तर आम्ही कौतुकानें मान डोलावितों. प्रस्तुत लेखकाच्या मतें हें कौतुक अज्ञानमूलक तर आहेच, परंतु निर्दयहि आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. सकाळीं उल्हास आणि सायंकाळीं उदासपणा हे चढउतार प्रत्येकाच्या वांट्यास येतात. पुरेशी झोंप, थोडें फिरणें, स्नेह्याशीं मोकळेपणीं बोलणें, एवढ्यानें ते बहुधा निवळतात. परंतु झोंपेची गरजच भासूं नये, विचार बेफाम धांवावे, स्वत:च्या सामर्थ्याविषयीं भलभलत्या कल्पना व्हाव्या आणि हें आठवडाभर टिकावें. पुन: दोन आठवडे किंवा अधिक काळ कशांतच गोडी वाटूं नये. अशा उन्मादाच्या व विषादाच्या पाळ्या येऊं लागल्या म्हणजे ती लहर नव्हे, तो रोग होय. आजचें वैद्यक त्यास द्विध्रुवी विकार म्हणतें.

लहरीच्या भक्तांचा आवडता दाखला म्हणजे जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान. १८४० ह्या एका वर्षांत त्यानें शंभराहून अधिक गीतें स्वरबद्ध केलीं, हें खरें. त्याच्या रोगाच्या निदानाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. तरी त्यास हाच विकार होता असें घटकाभर धरून चालूं. मग त्यापूर्वी दहा वर्षें त्यानें केलेल्या स्वरसाधनेचें श्रेय कोणास द्यावयाचें? १८५४ त त्यानें ऱ्हाइन नदींत उडी घेतली. लोकांनीं त्यास वांचविलें. पण पुढें एंडेनिख येथील मनोरुग्णालयांत सुमारें अडीच वर्षें काढून १८५६ त, वयाच्या ४६ व्या वर्षीं, तो वारला. रोग हीच प्रतिभेची जननी असती, तर हा काळ सर्वांत सुपीक ठरावयास हवा होता. त्या काळांत त्याच्या हातून एकहि थोर कृति झाली नाहीं.

यावर आक्षेप असा कीं, औषधानें मन बोथट होतें. ही भीति अगदींच निराधार नाहीं. लिथियमच्या क्षारांनीं उन्माद शमतो, हें ऑस्ट्रेलियांतील वैद्य जॉन केड यांनीं १९४९ त प्रसिद्ध केलें. पुढें डेन्मार्कचे मोगेन्स स्काऊ यांनीं १९७९ त हें औषध घेणाऱ्या २४ कलावंतांची हकीकत मांडली. त्यांच्याच सांगण्याप्रमाणें १२ जणांची निर्मिति वाढली, ६ जणांची होती तशीच राहिली आणि ६ जणांची घटली. संख्या लहान आहे; आणि घटलेल्या सहांचें दु:ख मी नाकारीत नाहीं. परंतु औषध म्हणजे प्रतिभेचा मृत्यु, असा जो सरसकट डांगोरा पिटला जातो, त्यास येथें आधार कोठें आहे?

आणखी एक प्रश्न आमच्या रसिकांना विचारावासा वाटतो. हींच लक्षणें एखाद्या कारकुनाच्या पत्नींत दिसलीं, तर तिच्या वांट्यास काय येतें? घरचे म्हणतात, ‘थेरें आहेत’. शेजारी म्हणतात, ‘बाहेरची बाधा आहे’. आणि शहाणे म्हणतात, ‘मन घट्ट कर.’ कवीस टाळ्या आणि तिला अंगारा! वैद्याकडे मात्र दोघांपैकीं कोणासहि कोणी नेत नाहीं.

नेलें पाहिजे. झोंप एकाएकीं घटली, खर्च भलताच वाढला, तर घरच्यांनीं तें वेळीच हेरावें. मनाच्या चढउतारांची रोज टिपण ठेवावी. लिथियम चालू असल्यास रक्ताची तपासणी चुकवूं नये आणि बरें वाटूं लागलें म्हणून औषध परस्पर सोडूं नये. ह्या गोष्टींत काव्य नाहीं, हें कबूल. पण ज्यास आपण प्रतिभावंत म्हणतों, त्याच्या पुढील कविता वाचण्याची खरोखर इच्छा असेल, तर त्यानें जगणें ही पहिली अट आहे.