रोहिणीचा वाद आणि आमचे मौन



बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातील सिद्धार्थ प्रेत पाहून गृहत्याग करीत नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य कोलियांवर शस्त्र उचलू पाहतात, तेव्हा तो भर सभेत सुचवितो : दोघे आपले, दोघे त्यांचे, त्या चौघांनी निवडलेला पाचवा, या पाचांनी वाद मिटवावा. बहुमत युद्धाकडे जाते, त्याला देश सोडावा लागतो. ही कथा श्रूजबरीत आम्ही मुलांना अभिमानाने सांगतो. मग श्रीलंकेविषयी आमची वाचा का बसते?

१९५० साली बाबासाहेब ज्या बेटावर बौद्ध परिषदेस गेले, तेथे २००२ मध्ये नॉर्वेच्या मध्यस्थीने युद्धबंदी झाली. पाचवा लाभला होता! दोन्ही पक्षांनी करार तुडविला. २००८ मध्ये सरकारने तो रीतसर मोडला. २००९ च्या फेब्रुवारीत पुदुक्कुडियिरुप्पूच्या रुग्णालयावर तोफगोळे पडले. रेडक्रॉसने जखमींना समुद्रमार्गे हलविले. आम्हां वैद्यकांना आणखी कोणता पुरावा हवा? एप्रिलअखेर ब्रिटन व फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री कोलंबोहून रिक्तहस्ते परतले. तमिळ वाघांनी स्वजनांचीच ढाल केली, हेही खरेच. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०११ मध्ये मृत नागरिकांची संख्या ४० हजारांपर्यंत असू शकते असे नोंदविले. त्याआधीच, मे २००९ मध्ये, जिनिव्हात भारताने कोलंबोच्या पारड्यात मत टाकले होते.

‘ते बौद्ध राष्ट्र, आपण बोलू नये,’ असे आमच्यातीलच काही ज्येष्ठ म्हणतात. सिद्धार्थ तर स्वतःच्या कुळापुढे उभा राहिला होता! येत्या वैशाखी पौर्णिमेच्या सभेत बेपत्ता तमिळांचा हिशेब मागणारा ठराव आम्ही मांडणार आहोत. विरोध असेल त्यांनी सभेत येऊन करावा.