स्टार्टएक्स लिहिलं... आणि मग?

मागच्या वीकेंडला वैजापूरला गेलो होतो. घरी जायला खरं तर कारण लागत नाही, पण या वेळी होतं. भाच्याचा फोन आला होता, "मामा, स्क्रीन काळी होते, एक सेकंद थांबते आणि परत होतं तिथंच येतं. चार दिवस झाले."

भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझाच जुना पीसी वापरतो. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि ११ काही त्या मशीनवर चालेना. म्हणून पठ्ठ्याने युनिक्सच्या घराण्यातली एक सिस्टीम टाकली. कुठली ते सांगत नाही, कारण दोष तिचा एकटीचा नाही. इन्स्टॉल झालं, लॉगिन झालं, इंटरनेटही चालू झालं. अडलं ते एकाच गोष्टीवर. माउसचा बाण दिसणारा साधा डेस्कटॉप काही येईना.

तुम्ही म्हणाल, उबुंटू किंवा मिंट टाकायचं ना, डेस्कटॉप आयताच येतो. खरंय. मीही २००५ च्या आसपास पोस्टाने फुकट येणाऱ्या उबुंटूच्या सीड्यांवरच शिकलो (ती योजना २०११ मध्ये बंद झाली). पण त्याला आतलं काम शिकायचं होतं. आणि शिकायचंय म्हणणाऱ्या पोराला "नको शिकूस" हे उत्तर मला तरी देववेना.

त्याने काय केलं होतं? कागदपत्रांत सांगितलेलं सगळं. एका पानावर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, दुसऱ्यावर एक्स, तिसऱ्यावर एक्सएफसीई डेस्कटॉप. तिन्ही पानं बरोबर होती, आणि गोची नेमकी तिथंच आहे.

थोडं मागे जाऊ. एक्स विंडो सिस्टीमचं काम एमआयटीत १९८४ साली सुरू झालं आणि तिची अकरावी आवृत्ती, म्हणजे आजचं एक्स-अकरा, १९८७ ची. तिचं तत्त्वच असं, की आम्ही साधनं देऊ, ती कशी वापरायची ते तुम्ही ठरवा. म्हणजे नुसतं एक्स चालू केलं तर हातात जवळजवळ काहीच येत नाही. खिडकीला चौकट देणारा विंडो मॅनेजर वेगळा, मेनू आणि पॅनेल देणारा डेस्कटॉप वेगळा (केडीई १९९६ चा, ग्नोम १९९७ चा), लॉगिनची खिडकी दाखवणारा डिस्प्ले मॅनेजर आणखी वेगळा. त्यात २००८ मध्ये वेलँड सुरू झालं. त्यामुळे आता अर्धी पानं जुन्या वाटेची, अर्धी नव्या वाटेची. प्रत्येक तुकड्याची टीम वेगळी, आणि प्रत्येक टीम आपापल्या तुकड्यापुरतं लिहिते.

आमच्याकडे शेताच्या बांधाचं असंच असतं. दोन्हीकडची रानं स्वच्छ नांगरलेली, आणि मधल्या बांधावर गुडघाभर गवत. हा म्हणतो त्याचं, तो म्हणतो याचं. भाचा त्या गवतात अडकला होता.

त्याच्या होम फोल्डरमधली डॉट-एक्सइनिटआरसी फाइल उघडली. स्टार्टएक्स ही कमांड दिली की एक्स सुरू होतं, ही फाइल वरपासून खालपर्यंत चालते, आणि फाइल संपली की एक्सही बंद होतं. मॅन्युअलमधल्या नमुन्यात घड्याळ आणि टर्मिनल चालू करणाऱ्या ओळींच्या शेवटी अँपरसँडचं चिन्ह होतं, म्हणजे "हे मागे चालू दे, तू पुढे जा." पोराने ते पाहून डेस्कटॉपच्या शेवटच्या ओळीलाही तेच चिन्ह लावलं. झालं! डेस्कटॉप मागे सुरू झाला, फाइल संपली, एक्स बंद. शेवटच्या ओळीत ते चिन्ह नको, उलट आधी एक्झेक लिहायचं. एक चिन्ह काढलं, एक शब्द घातला, डेस्कटॉप हजर. दोन मिनिटं.

गंमत म्हणजे लॉगमध्ये एकही एरर नव्हती. एक्सच्या हिशेबाने काही चुकलंच नव्हतं ना! काम संपलं, दुकान बंद केलं. शिवाय लॉगची जागाही आता कधी सिस्टीमच्या फोल्डरात, कधी युजरच्या होममध्ये. नव्या माणसाने शोधायचं तरी कुठे?

हुश्श म्हणून चहा घेत होतो, तेव्हा तो म्हणाला, "मामा, मला वाटलं आपल्याला हे जमण्यासारखं नाहीये. सोडूनच देणार होतो."

हे मला लागलं. चार दिवसांत त्याने एकदाही डॉक्युमेंटेशनला दोष दिला नाही, स्वतःलाच दिला. पुण्यात माझ्या शेजारच्या डेस्कवर असता तर कुणीतरी सहज वळून सांगितलं असतं. वैजापुरात त्याच्या शेजारी तसं कुणी नाही. त्याच्यासाठी ते पान म्हणजेच शिक्षक, आणि शिक्षकाचं कळलं नाही की आपली पोरं आपणच ढ आहोत असं धरून चालतात.

आणि भाषा? डेस्कटॉप मराठीत आणण्यासाठी आपल्याकडे लोकांनी खूप खपून काम केलंय. ग्नोम-केडीईचे मेनू मराठीत आले, रेड हॅटने २००४ मध्ये लोहित फॉन्ट मुक्त केले, सी-डॅकने बॉस लिनक्स काढलं. म्हणजे घरात शिरल्यावर पाट्या मराठीत आहेत, पण घरापर्यंतच्या रस्त्यावर इंग्रजी पाटीसुद्धा धड नाही.

"मॅन्युअल नीट वाचायचं" म्हणणारे भेटतातच. पण नीट वाचूनच तो अडकला होता! चांगलं करता येतं, हेही दिसलंय. ओपनबीएसडीचा इन्स्टॉलर सरळ विचारतो, की एक्स चालवणार आहात का. आणि मॅन्युअलमधली चूक तिथं बग मानतात. कोडमधल्या चुकीइतकीच गंभीर.

मला वाटतं, असं पान लिहिताना तीनच गोष्टी पाळाव्यात. आधी एकच वाट शेवटपर्यंत दाखवा, पर्याय नंतर. प्रत्येक पायरीनंतर स्क्रीनवर काय दिसेल ते लिहा. आणि काही दिसलंच नाही तर पहिल्यांदा कुठे बघायचं, तेही. मग ते पान एका नवख्या माणसाला द्या आणि शेजारी तोंड मिटून बसा. (हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे :) )

आणि फक्त युनिक्सवाल्यांना कशाला बोलायचं? सोमवारी ऑफिसला गेलो आणि दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलेलं आमच्या प्रोजेक्टचं सेटअपचं पान उघडलं. तिसरी ओळ: "नेहमीप्रमाणे एन्व्हायर्नमेंट सेट करा." नेहमीप्रमाणे! नव्याने रुजू झालेल्या माणसाचं "नेहमी" कधी सुरू झालं? गेल्या दोन वर्षांत कितीजण त्या ओळीपाशी गप्प बसले असतील, देव जाणे. दुरुस्त केली.

भाच्याला एक काम देऊन आलोय. चार दिवस जे भोगलं ते मराठीत, पायरी-पायरीने लिहून काढ. तो म्हणाला, "मी? मला कुठे येतंय एवढं?" म्हटलं, आत्ताच लिही. अजून सहा महिन्यांनी तुलाही सगळं सोपं वाटायला लागेल, आणि मग तूही "नेहमीप्रमाणे" लिहिशील.