निद्रिस्त डोंगराचा भरवसा

मध्य अमेरिकेतील निकाराग्वा सरोवरात ओमेटेपे नावाचे बेट आहे. दोन ज्वालामुखी आणि त्यांना जोडणारी सखल, चिंचोळी भूमी एवढीच त्याची रचना. नाहुआ भाषेत या नावाचा अर्थच मुळी ‘दोन डोंगर’ असा होतो. कोन्सेप्सिओन १६१० मीटर उंच आणि जागृत; माडेरास १३९४ मीटर उंच, शांत, अरण्याने झाकलेला, माथ्यावरील विवरात तळे असलेला. हे डोंगर चढण्यासाठी दूरदूरचे प्रवासी येथे येतात. त्यांनी यावे, यात गैर काहीच नाही. प्रश्न आहे तो ते कोणती समजूत घेऊन येतात हा.

आकडे येथे फसवे ठरतात. कोन्सेप्सिओनची उंची आपल्या कळसूबाईहून थोडी कमीच आहे. पण कळसूबाईचा पायथाच उंचावर आहे. ओमेटेपेची चढण मात्र जवळजवळ सरोवराच्या पातळीपासून सुरू होते. वरच्या भागात झाडाची सावली नाही, पायाखाली सुटे दगड आणि नाकाशी गंधकाचा दर्प. सारा दिवस या एका डोंगरात जातो.

याहून मोठी फसगत होते ती ‘जागृत’ आणि ‘निद्रिस्त’ या शब्दांनी. जो धुमसतो तो धोक्याचा आणि जो हिरवागार तो निर्धोक, असे प्रवासी सहज मानतो. परंतु सप्टेंबर १९९६ मध्ये पावसाने सैल झालेला माडेरासचा उतार चिखलाचा लोंढा होऊन खाली आला आणि त्यात सहा माणसे दगावली. त्यासाठी उद्रेकाची गरज पडली नाही. भिजलेली माती आणि तीव्र उतार एवढे पुरेसे झाले.

बेटावरील रहिवाशांना हे कोणी शिकवावे लागत नाही. १९५७ साली कोन्सेप्सिओनचा उद्रेक झाला, तेव्हा सरकारने बेट सोडण्याचा आदेश दिला. लोकांनी तो मानला नाही. हा अविवेक होता असे कोणी म्हणेल. पण ज्या राखेने घर धोक्यात येते तिनेच केळी पिकवणारी जमीन सुपीक केली आहे. ही माणसे धोका पत्करतात तो पोटासाठी. प्रवासी पत्करतो तो हौसेसाठी. हा भेद विसरता कामा नये.

म्हणूनच या डोंगरांवर स्थानिक वाटाड्या बरोबर घेण्याचा जो नियम आहे, त्याबद्दल कुरकुर करणे योग्य नव्हे. अनुभवी गिर्यारोहकाला ही सक्ती कशासाठी, असा आक्षेप घेतला जातो. परंतु त्याचा अनुभव इतर डोंगरांचा असतो. कालच्या पावसानंतर कोणती घळ टाळावी आणि ढग कोठे उतरून वाट बुजवतात, हे ज्ञान पायथ्याच्या माणसापाशीच असते. शिवाय कोणी हरवला तर जीव धोक्यात घालून शोधायला निघतो तोही हाच गावकरी. त्याला दिलेली मजुरी हा प्रवाशावरील भुर्दंड नसून त्याच्या विद्येचे मोल आहे. आणि ‘आज वर जाऊ नका’ असे त्याने सांगितले, तर त्याच्याशी घासाघीस न करता माघारी फिरावे.